मोजणीत निसटलेला रविवार

हेमसिंगानं बायकोसोबत अंगणात पाऊल ठेवलं, मायच्या पायाला हात लावला, आणि वहिनी गोमतीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या हातात धरूनच तो दाराच्या चौकटीकडं बघत उभा राहिला.

“बा, दोन कणसं कशी राह्यली? एक पाह्यजे.”

भाऊसिंग ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “उद्याचं एक अन् नाताळाचं एक. झाले दोन.”

“नाताळाचं कायचं कणीस? उद्या चवथा रविवार हाये. मेडशीले आमी तिसरा गेल्या रविवारीच पाळला.”

परत सुपापुढं बसलेल्या गोमतीच्या हातातली तुरीची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ लागला की नव्या ज्वारीची चार कणसं चौकटीला टांगायची आणि एकेका रविवारी एकेक उतरवून दाणे पाखरांना टाकायचे, ही भाऊसिंगांची रीत. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. घरातली रीत वेगळी होती आणि बावीस वर्षांत ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. त्या चार रविवारी या घरातली चूल पुरुषांची असे.

भाऊसिंग ख्रिस्ती झाले त्या वर्षी वाशीमचे पाळकसाहेब घोड्यावर बसून आले होते. हे चार रविवार प्रभूची वाट पाहायचे, असं त्यांनी सांगितलं. भाऊसिंगांनी विचारलं, वाट पाहायची म्हणजे करायचं काय? साहेब म्हणाले, करायचं काही नाही, निवांत बसायचं. भाऊसिंगांनी घरी येऊन सगळ्यांना निवांत बसायला लावलं. सगळे बसले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांची बायको नानीबाई म्हणाली, “मी बी बसली त भाकर कोन टाकीन?” मग भाऊसिंग उठले आणि परातीपुढं जाऊन बसले. त्या दिवशीच्या भाकरी बैलानं हुंगून सोडल्या, असं नानीबाई अजून सांगते. पण रीत पडली ती पडली. अशा रविवारी पुढचं दार मात्र आतून लोटलेलं असायचं.

“आन वं बेबी, ते कॅलेंडर,” भाऊसिंग म्हणाले.

धाकट्या सुनेनं पदर सावरत भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. मानोऱ्याच्या कापडदुकानानं दिलेलं. भाऊसिंगांनी चष्मा लावला आणि जाड बोट पंचवीस तारखेवर टेकवलं.

“पंचवीस, रविवार. एक. अठरा, दोन. अकरा, तीन. चार तारीख, चार. मोजून पाह्य तूच.”

“पन पंचवीस धरायचीच नाई ना, बा. पाहुना ज्या दिवशी घरात आला, त्या दिवशी त्याची वाट कोन पाह्यते? अठरापासून मोजा.”

भाऊसिंगांचं बोट अठरावर आलं. अकरा. चार. पान संपलं. त्यांनी मागचं पान उलटलं. सत्तावीस नोव्हेंबर. बोट तिथंच थांबलं.

पूर्वी पाळकसाहेबांची चिठ्ठी यायची, तीत चारही तारखा लिहिलेल्या असायच्या. साहेब गेल्यापासून भाऊसिंग स्वतः मोजत. नाताळाच्या तारखेवर बोट ठेवायचं आणि मागचे चार रविवार धरायचे. नाताळ मधल्या वारी असला की हिशेब बरोबर यायचा. यंदा नाताळच रविवारी आला आणि पहिला रविवार निसटला.

बापाचं तोंड पाहून हेमसिंगाला आपली जीभ चावावीशी वाटली. चाळिसाव्या वर्षी भाऊसिंग अक्षरं शिकले ते त्याच्याच पाटीवर. दिवसा पोरगं शाळेत गिरवून यायचं आणि संध्याकाळी बाप त्याच्यासमोर मांडी घालून बसायचा. आता तेच पोरगं मेडशीच्या शाळेत मास्तर झालं होतं.

“जाऊ द्या बा,” तो म्हणाला. “एखांद्या रविवारानं काय होते?”

“चुकलं ते चुकलं,” भाऊसिंग म्हणाले, आणि कॅलेंडर मांडीवर पालथं ठेवलं.

*

थोरला लेक बाबूसिंग शेतातून आला तेव्हा ओट्यावर सगळे गप्प बसलेले पाहून त्याला वाटलं, कोणीतरी गेलं. हकीगत कळली तसा त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे उद्या आखरीचा? अन् नाताळाले चूल बायकाईची?”

“हो, दादा.”

“वा रे माह्या मास्तरा!” बाबूसिंगानं भावाच्या पाठीत अशी थाप मारली की हेमसिंग दोन पावलं पुढं गेला. हेमसिंगानं नोकरी धरली आणि सगळी शेती एकट्या बाबूसिंगावर पडली, तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत. थाप तर दूरच. “लेका, मी आठ दिवस झाले झोपलो नाई. पंचवीस पाहुने येनार अन् पुऱ्या कोनी तळायच्या, त म्या! सपनात तेल उकळे.”

“मी बी त तोच इचार करून राह्यलो होतो,” हेमसिंग हळूच म्हणाला.

नानीबाईनं आतून दोघांचं हसणं ऐकलं आणि ती कमरेवर हात ठेवून बाहेर आली. एरवी धाकट्याच्या ताटात दोन घास जास्तच पडत. आज तिनं त्यालाच धरलं.

“काहून रे, शिकून-सवरून हेच शिकला का? आमी नाताळाले पाय पसरून बसनार होतो. मी त येनाऱ्या समद्याईले सांगून ठेवलं की यंदा आमच्या घरी नवाईचं जेवन हाये.”

“माय, त्यात माहा काय दोष? तारीखच तशी आली.”

“तुह्या तारखेले जाळू मी. गोमती, तू काहून चूप? बोल न.”

गोमती गेले तीन दिवस चूपच होती. बुधवारी मानोऱ्याच्या बाजारात तिच्या माहेरच्या तांड्यावरला घोंगडीवाला भेटला होता. त्यानं निरोप दिला, मंगळवारी तांडा हलणार, माय भेटायला बोलावते. तांडा एकदा कामाला खाली उतरला की होळीपर्यंत परतत नसे. माय भुरीबाई लेकीच्या घरचं पाणी घेत नव्हती, त्यांच्यात ती चाल नव्हती. म्हणजे भेट व्हायची तर गोमतीनंच जायला हवं. मागच्या वर्षी ती आगमनाच्या एका रविवारी गेली होती. तीन कोस चालून पोचली तेव्हा दुपार. बूड टेकलं न टेकलं तोच उन्हं कलली आणि ती परत निघाली. मायला रडायलाही वेळ मिळाला नव्हता.

तिला मायजवळ एक रात्र झोपायचं होतं. एवढंच. अकरा वर्षांत ती झोपली नव्हती.

तिनं सूप बाजूला सारलं. “मामाजी, एक इचारू?”

“इचार.”

“पह्यला रविवार हुकला. सत्तावीस तारखेचा. त्या दिवशी म्या गोठा सारवला, पायलीभर दळन दळलं अन् दोन्ही वखत भाकरी टाकल्या. मंग आमचा तो रविवार कुठं गेला?”

बाबूसिंगाचं हसू ओठावरच राहिलं.

“गेला म्हंता येत नाई,” भाऊसिंग सावकाश म्हणाले. “माह्याकडं राह्यला तो.”

“मंग मले सोमवार द्या. उद्या प्रार्थना झाली की मी मायकडं जाईन. सोमवारी तिथंच राहीन. दिवस बुडाच्या आत घरी येईन.”

“सोमवारी?” बाबूसिंग ताडकन उठला. “सोमवारी मोठी वेचनी हाये! अठरा मानसं कापूस वेचाले येनार. त्याईचं जेवन आपल्याकडं. अन् तू तिकडं?”

“म्हनूनच त इचारून राह्यली.”

“अवं, पन रविवारी दार लावून करतो आपून. शेतात अठरा जनाईसमोर मी भाकरी थापू का? समद्या मानोऱ्याच्या बाजारात शोभा होईन माही. लोक म्हंतीन, बाबूसिंगानं बायको माहेरी धाडली अन् लुगडं नेसला.”

“नेस न,” नानीबाई म्हणाली. “तुले हिरवं शोभून दिसन.”

बेबीबाई तोंडावर पदर घेऊन खुदखुदली. मग तिनं जावेकडं पाहिलं आणि धीर करून म्हणाली, “बाई, तुमी जा. मेडशीले यायनं सत्तावीस तारखेले सयपाक केल्ता, मले माहा रविवार भेटला. सोमवारच्या भाकरी मी टाकीन. वाकड्या होतीन, पन टाकीन.”

“हे बेस झालं!” बाबूसिंग म्हणाला. “झालं न मंग. मिटलं.”

गोमतीचे डोळे भरून आले. तिनं बेबीबाईचा हात धरला. तीन वर्षांत या दोघींनी एकमेकींना मीठसुद्धा मोजून दिलं होतं.

“मिटलं नाई,” भाऊसिंग म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले. ते दोराची गुंडाळी करत होते, अगदी सावकाश, वेटोळ्यावर वेटोळं.

“पोरी, तू चांगलं बोलली. पन बोट माहं चुकलं. गोमतीचा रविवार म्या ठेवून घेतला, तो तू काहून परत करावा? सोमवारी भाकरी मी टाकीन.”

“बा, मंग रोडगे करू,” बाबूसिंग घाईनं म्हणाला. “शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजू, वांग्याची भाजी करू. रोडगे त गडीमानसंच करतेत, त्याले कोनी हासत नाई.”

भाऊसिंगांनी थोरल्याकडं पाहिलं. “रोडगे आपून हौसेनं करतो, बाबू. चार गप्पा मारत. ते काम नोहे. गोमतीनं भाकरी टाकल्या व्हत्या. भाकरीच होतीन.”

आणि ते उठून गोठ्याकडं गेले. नानीबाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिली. मग तिनं सुनेला खेकसून सांगितलं, “बसली काय अशी? तुरीचे सोले सोल न. मायसाठी सोल्याची भाजी नको का न्याले? तिनं खाल्ली नाई त तांड्यावरल्या पोराईले दे.”

*

सोमवारी शेतात तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या होत्या. ओळीनं वेचत निघालेल्या बायकांनी धूर पाहिला, मग धुरामागं कोण बसलंय ते पाहिलं, आणि एकेकीचा हात बोंडावरच थांबला.

बाबूसिंगानं सकाळपासून ओढ्याकडच्या टोकाला काम काढलं होतं. कापसाचं गाठोडं तो तिकडंच बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. तिथून त्याला बाप दिसत होता. डोक्याचं पागोटं काढून ठेवलेलं, बाह्या वर, पिठानं कोपरापर्यंत पांढरे झालेले हात. शाळेतून रजा काढून थांबलेला हेमसिंग सरपण फुंकत होता आणि डोळे पुसत होता.

“काय वं,” वेचणाऱ्यांतली सुंदरबाई मोठ्यानं म्हणाली, “सुना रुसल्या का म्हाताऱ्याच्या?”

“मास्तरले शाळेतून काढलं दिसते,” दुसरी म्हणाली. “आता हाटेल टाकतेत.”

हशा पिकला. बाबूसिंगाची कानशिलं तापली. बाप आता काहीतरी सांगेल, असं त्याला वाटलं. बायका आजारी आहेत म्हणेल, पाहुणे आले म्हणेल. सांगायला हजार गोष्टी होत्या.

भाऊसिंगांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती मधोमध फाटली. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून बोटानं दाबले आणि मान वर केली.

“सुंदरबाई, सुना रुसल्या नाई. आमच्यात नाताळाच्या अगुदर चार रविवार बायकाईनं चुलीपाशी जायाचं नसते. बावीस वर्सं झाले, घरातले मानसंच करतेत. यंदा मी तारखा मोजाले चुकलो. थोरल्या सुनेचा एक दिवस माह्याकडं राह्यला व्हता, तो आज देऊन राह्यलो. ते मायकडं गेली.”

सुंदरबाईनं हातातला कापूस ओटीत टाकला.

“बावीस वर्सं?” सुंदरबाईनं विचारलं. आवाजात आता थट्टा नव्हती.

“बावीस.”

“अन् तरी अशी थापता? अवो, पानी कमी हाये त्या पिठात! सरका तिकडं, मी दाखवतो.”

“दाखव. पन हात लावू नको. तोंडानं सांग.”

मग सुंदरबाई कमरेची ओटी सोडून चुलीपाशी येऊन बसली आणि सांगू लागली, आणि दोघीतिघी तिच्या सांगण्यातल्या चुका काढायला आल्या. पाणी गरम पाहिजे, नाही कोमट पाहिजे, परातीत आधी कोरडं पीठ भुरभुरवा, मास्तर, जाळ बारीक करा, भाकर भाजता की घर जाळता? भाऊसिंग एकेकीचं ऐकून मान हलवत होते. पाटीपुढं बसायचे तेव्हा तशीच मान हलवायचे, हे ओढ्याच्या टोकावरून बाबूसिंगाला लख्ख आठवलं.

त्यानं गाठोडं टाकलं आणि चालत आला. हात धुतले. दुसऱ्या चुलीपुढं मांडी घातली.

“सरक रे मास्तर, तुह्याच्यानं जाळ बी होत नाई.”

त्यानं गोळा घेतला आणि परातीत फिरवायला सुरुवात केली. बावीस वर्षांत दार लावून का होईना, त्याचा हात चांगला बसला होता. भाकरी गोल झाली, तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, आणि जाळापुढं उभी केली तशी टम्म फुगली.

“अय बाप्पा!” बायका एकदम ओरडल्या.

“पाह्य माह्या भावाले!” हेमसिंग ओरडला. “थापा मारत नाई, भाकरी थापते!”

बाबूसिंगानं मान खाली घातली होती, पण त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. सुंदरबाई ओळीत मागं वेचणाऱ्या आपल्या नवऱ्याकडं वळून म्हणाली, “अवो, इकडं या जरा. नुसतं पाहाले या.” त्यावर नवऱ्यानं जे काही उत्तर दिलं ते हशात कोणाला ऐकू आलं नाही.

नानीबाई आणि बेबीबाई बांधावर बसल्या होत्या. बेबीबाईनं उठायचा प्रयत्न केला की म्हातारी तिचा पदर ओढून खाली बसवी. “बस. मी सांगतो म्हनून बस. असा दिवस मले चाळीस वर्सांत नाई भेटला.” आणि ती तोंडात बडीशेप टाकून, पाय लांब पसरून, आपल्या म्हाताऱ्याकडं बघत राहिली.

*

त्या वेळी तांड्यावर भुरीबाई आपली झोपडी रिकामी करत होती. भांडी पोत्यात गेली, दोन कोंबड्या टोपलीखाली झाकल्या, दळणाचं गाठोडं दारापाशी आलं. ती पाय न वाजवता आत-बाहेर करत होती. मधेच वाकून कोपऱ्यात बघत होती.

गोमती काल दिवस मावळायच्या आत पोचली होती. दोघी किती तरी वेळ बोलल्या. सासऱ्यानं काय म्हटलं ते गोमतीनं सांगितलं तेव्हा भुरीबाईला पहिल्यांदा खोटंच वाटलं.

“तुहा सासरा? शेतात? समद्याईसमोर?”

“हो माय.”

“पैसेवाला झाला म्हनून येडा झाला का?”

“पैसे कुठले आले? तारखा चुकल्या म्हनून.”

भुरीबाईनं त्यावर बराच विचार केला. पोरगी त्या घरात दिली आणि त्यांचा देव वेगळा, म्हणून अकरा वर्षं तिच्या पोटात एक खडा होता. तो तिनं कधी कोणाला दाखवला नव्हता. “त्याईचा देव,” ती शेवटी म्हणाली, “बायकाईले बसू देते का?”

“वर्साचे चार दिवस त देतेच,” गोमती म्हणाली आणि हसता हसता तिचा डोळा लागला.

पहाटे ती दचकून उठली होती. “भाकरी!” असं म्हणून ती अर्धी उभीसुद्धा राहिली. भुरीबाईनं तिला खांद्याला धरून खाली दाबलं. “निज. कोनी वाट पाह्यत नाई तुह्या भाकरीची.” गोमतीनं एकदा झोपडीभर नजर फिरवली, कुठं आहोत ते ओळखलं, आणि ती कुशीवर वळली. तेव्हापासून उन्हं दारात आली, दारातून आत आली, तरी तिनं हालचाल केली नव्हती. तोंड किंचित उघडं, एक हात डोक्याखाली, लहानपणी झोपायची तशीच.

दुपारी तांड्याचा नायक मदनसिंग काठी टेकत दारात आला. मंगळवारी उजाडताच बैल लादायचे होते.

“भुरीबाई, बांधून झालं का समदं? आजच पाह्यतो मी, उद्या खोळंबा नको.”

“हळू बोल. झालं समदं. एक गोधडी राह्यली फक्त.”

“मंग बांध न तेही. तिले काय मुहूर्त पाह्यजे?”

भुरीबाईनं दारात आडवा हात धरला, म्हणजे त्याला आत येता येऊ नये.

“बांधीन सांजच्याले,” ती म्हणाली. “तिच्यावर माही पोरगी झोपली हाये.”